अर्ध्यावर राहिलेली वेणी

ही गोष्ट माझ्या आजीची. आजी देवाचीसुद्धा शपथ घ्यायला कचरायची, आणि या गोष्टीसाठी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. मीही हसलो होतो.

साल १९३८. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आठवडा. गाव भडगावपासून दोन कोसांवर, गिरणेच्या काठी.

आणि वेळ रात्रीची नाही हं. भर दुपारची.

आजीचं नाव भिकुबाई. तेव्हा तिशीची असेल. स्वभाव असा संशयी, की दुधावरची साय कोणी बोटाने उचलली तरी तिला कळायचं. घरात सासरे लोटनआबा, नवरा झुलाल, आणि त्या वर्षी सणाला आलेली नणंद, वच्छला. सासू दोन वर्षांमागे वारलेली.

वच्छला बावीस वर्षांची. शिरपूरला दिलेली. पौषात तिचं चार महिन्यांचं लेकरू तापाने गेलं. झुलाल मुऱ्हाळी होऊन गेला आणि गाडीत बसवून तिला घेऊन आला.

आखाजी म्हणजे आमच्याकडे लेकींचा सण. गावोगावच्या लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पुरुष दिवसभर पारावर पत्ते कुटतात, त्यांना त्या आठवड्यात कोणी काही बोलत नाही.

वच्छला मात्र मधल्या घरात, भिंतीकडे तोंड करून बसायची.

झोका नाही. गाणं नाही. ताटात आमरस वाढला तर त्यावर माशा बसायच्या. पंधरा दिवसांत केसांना फणी लागली नव्हती.

भिकुबाईने आधी गोडीत सांगून पाहिलं.

"ऊठ ना माय. चार बायांत बस, बरं वाटेल."

"माझ्याने होत नाही, वहिनी."

"होत नाही म्हणजे? लेकरू काय जगात तुझं एकटीचंच गेलं? सणासुदीला घरात असं तोंड पाडून बसू नये!"

वच्छलाने नुसती मान हलवली. हे वाक्य पुढे आजीला जन्मभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकुबाई झोक्यावरून घरी आली. तांब्या विसरला होता. घरात चिटपाखरू नव्हतं. वच्छला तिच्या कोपऱ्यात, तशीच भिंतीकडे तोंड करून.

पण तिच्या पाठीवर...

वेणी होती.

घट्ट, चोपून घातलेली. आणि तीन पेडांची नव्हे, पाच पेडांची! अशी वेणी घरात कोणालाच येत नव्हती. गल्लीतही नाही.

"कोणी घातली गं?"

"आत्याने."

आबांना बहीण आहे असं लग्न होऊन बारा वर्षांत भिकुबाईने ऐकलं नव्हतं. गल्लीतली कोणी म्हातारी असेल, असं तिला वाटलं. पण मग चोळीची पाठ एवढी ओली कशाने? तिने वेणीला हात लावला. केस गार होते, आणि त्यांना शेवाळाचा वास येत होता.

तिचं डोकं लगेच भलतीकडे धावलं. कोण येतं घरात? कशाला येतं? आपण नसतानाच का येतं?

तिसऱ्या दिवशी तिने चुलीतली राख चाळली आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर पातळ पसरली. मागे परस, आणि परसात जुनी विहीर. येणारी तिकडूनच येत असणार, हा तिचा हिशेब. दुपारी मुद्दाम मोठ्याने सांगून झोक्यावर गेली, आणि तासाभराने आली.

राखेत पावलं होती.

एक जोडी बाहेर गेलेली, विहिरीकडे. ती वच्छलाची. तिच्या जोडव्याची खूण ओळखू येत होती.

परत येताना मात्र...

दोन जोड्या.

दुसरीची पावलं ओली होती. राख तिथे चिखल होऊन बसली होती. ती पावलं घरात आली होती, मधल्या घरापर्यंत. परत गेल्याची खूण कुठेच नव्हती.

आजी सांगायची, "माझ्या पाठीतून सरकन काटा गेला रे. मधल्या घरात वच्छला एकटी बसलेली. अन् दुसरी गेली कुठं?"

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? आधीच गावात कुजबूज होती की लोटनआबाची पोर वेडी झाली.

मग आखाजीचा दिवस आला.

त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागरी भरतात. कोरी मातीची घागर, त्यात पाणी, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी, दोन आंबे. ज्याची घागर भरली त्याची वर्षभराची तहान भागते म्हणतात. भिकुबाईने कुंभाराकडून मोजून चार घागरी आणल्या होत्या. आबांचे आईवडील, थोरले भाऊ, आणि सासूबाई.

आबा पूजेला बसले आणि त्यांचा हात तसाच थांबला.

भिंतीशी घागरी पाच होत्या.

पाचवी जुनी होती. काठाला हिरवं शेवाळ.

"कोनी भरी वं ही?" आबांचा आवाज चिरकला.

"मी भरी," वच्छला कोपऱ्यातून म्हणाली. "आत्या म्हणाली, घरातल्या बठ्ठ्यांच्या, सगळ्यांच्या घागरी भरतात, माझी कोणी भरत नाही."

आबांनी ती घागर जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "माझी बहीन व्हती ती. दगडी."

तीस वर्षांमागची गोष्ट. दगडी अशीच आखाजीला माहेरी आलेली. अशीच मधल्या घरात भिंतीकडे तोंड करून बसायची. का, ते कोणी विचारलं नाही. सगळे म्हणत, सण आहे, हस. एका दुपारी सगळे झोक्यावर असताना ती परसातल्या विहिरीत गेली. बापाने गावात सांगितलं, पाय घसरला. पण घरात ताकीद दिली, जिने जिवाचं असं केलं तिचं नाव घ्यायचं नाही, घागर भरायची नाही.

"पोरींच्या वेण्या घालायची ती," आबा म्हणाले. "पाच पेडी."

त्या दिवशी आबांनी पाचवी घागर पुजली. दगडीचं नाव घेऊन चुलीतल्या विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकली, आणि लहान पोरासारखे रडले. घर हलकं झाल्यासारखं वाटलं. भिकुबाईला वाटलं, सुटलो बाई! जिची तहान होती तिला पाणी मिळालं, आता वच्छलाही बरी होईल.

इथेच सगळे चुकले.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. माणसं पारावर, बाया लिंबाखाली. सणाच्या रांधणाने भिकुबाईचं अंग मोडून आलं होतं. तिने पदर अंथरला आणि पडली. समोर कोपऱ्यात वच्छला बसलेली. तेवढं पाहिलं आणि डोळा लागला.

किती वेळ गेला कोण जाणे...

तळहाताला गार लागलं.

भिकुबाई दचकून उठली. तिच्या मुठीत फणी होती. लाकडाची, जुनी, चार दात मोडलेली. पाणी निथळत होतं तिच्यातून.

समोर पाहिलं.

कोपरा रिकामा.

ती मागच्या दाराशी धावली. राख ती रोज सकाळी नव्याने पसरत होती. राखेत एक जोडी बाहेर गेलेली. परत आलेलं... कोणी नाही.

आज कोणीच नाही!

आजी पळाली. अनवाणी, तापलेल्या मातीतून, पदराचं भान नाही. वच्छला विहिरीच्या काठावर उभी होती. एक पाय पुढे टाकलेला. हाक मारायलाही वेळ नव्हता. भिकुबाईच्या हाताला जे लागलं ते तिने धरलं आणि जिवाच्या आकांताने मागे ओढलं.

हाताला वेणी लागली होती.

दोघी मागे मातीत पडल्या. वच्छला रडलीसुद्धा नाही. आढ्याकडे बघावं तशी आभाळाकडे बघत म्हणाली, "मी रोजच येत होते, वहिनी. रोज ती काठावर बसलेली असायची. म्हणायची, थांब, आधी वेणी घालू दे, मग जा. बोलत बोलत घरात नेऊन बसवायची. आज आलीच नाही."

भिकुबाईने मुठीत पाहिलं. वेणी वरून अर्ध्यापर्यंत घातलेली होती. खाली केस मोकळे.

पाच पेड. ओले.

"मग ही कोणी घातली?"

वच्छलाने मागे हात नेऊन चाचपलं. तिचे ओठ पांढरे पडले.

"मला नाही माहीत."

भिकुबाईला तिथेच रडू कोसळलं. "चुकलं माय माझं," ती म्हणाली. "नको हसू तू. सण गेला चुलीत. पण माझ्याजवळ बस." आणि तिथेच उन्हात बसून तिने उरलेली वेणी पुरी केली. तिला येत होती तशी, तीन पेडी.

वच्छलाला पोळ्यापर्यंत सासरी धाडलं नाही. रोज दुपारी भिकुबाई तिची वेणी घालायची. कधी बोलायच्या, कधी नाही. श्रावणात एके दिवशी वच्छला म्हणाली, "वहिनी, भूक लागली." आजीने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला. वच्छला पुढे साठ वर्षांची होऊन गेली.

आमच्या घरी अजून पाच घागरी भरतात.

गेल्या आखाजीला मी आजीला छेडलं, "काय गं, दगडीआत्याला घागर मिळाली, ती सुटली. मग तुझ्या हातात फणी ठेवली कोणी?"

आजीने कमरेची किल्ली काढली. तिची पत्र्याची पेटी उघडली आणि तीच फणी माझ्या हातात दिली. वर्षभर पेटीला कुलूप असतं.

फणी...

ओली होती.

आजी माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्यामागे बघत होती, मधल्या घरात. माझी बहीण रुख्मा दोन दिवसांमागे सणाला आली होती. भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"कधीपासून बसली आहे रे ती तशी?" आजीने विचारलं.

मला सांगता आलं नाही.