नानांची शिंक

धनराजचं काम तसं पुण्याचं होतं. म्हाताऱ्या माणसांना वेळेवर गोळ्या मिळतील असं बघायचं, आणि तेही पेटीतून! ही पेटी म्हणजे मोठी गंमत. नाशकातल्या अंबडच्या एका छोट्या कारखान्यात बनायची आणि भाड्याने मिळायची. वेळ झाली की पेटी बोलायची, दिवा लागायचा, खालचा कप्पा उघडायचा आणि तेवढ्या वेळच्याच गोळ्या बाहेर यायच्या. बाकीच्या कुलपात, आणि किल्ली धनराजच्या कमरेला. दर गुरुवारी त्याने स्कूटरवरून घरोघर जाऊन आठवडाभराच्या गोळ्या भरायच्या. दोन हजार सात-आठचा सुमार होता. मुलं ठाण्या-पुण्याला आणि आईबाप नाशकात, अशा घरांत पेटीला फार मागणी असायची.

आता खरी गंमत ऐका. साऱ्या नाशकाच्या गोळ्या सांभाळणारा हा गडी स्वतःची गोळी मात्र घेत नसे. त्याला ब्लडप्रेशर निघालं होतं. बायको पल्लवी रोज सकाळी ओरडायची, "अहो, गोळी!" आणि हा पायात चपला सरकवत म्हणायचा, "उद्यापासून नक्की." दिव्याखाली अंधार, दुसरं काय! मधूनमधून डोकं गरगरायचं, तेव्हा तो उन्हाला शिव्या घालायचा. थंडीतसुद्धा.

त्या गुरुवारी शेवटचं घर चतुराकाकूंचं होतं. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध. आजूबाजूला हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. काकू तिथे एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान खंडेरावनाना दिवाळीनंतर गेले होते.

पेटी बसवली तेव्हा नाना होते. काकूंचं हृदय नाजूक, आणि गोळ्या म्हटलं की त्या हमखास विसरायच्या, म्हणून नानांनीच पेटी मागवली होती. पेटीत घरच्या माणसाचा आवाज भरायची सोय होती. धनराज म्हणाला, "नाना, काकूंचं नाव घेऊन बोला." नाना लाजून लाल झाले.

"नाव? साऱ्या जन्मात घेतलं नाय, आता पेटीपुढं घेऊ का?"

शेवटी घसा खाकरून त्यांनी हुकूम सोडला, "ऐकलं का... गोळी!" आणि तेवढ्यात त्यांना तपकिरीची शिंक आली. अशी दणदणीत, की बागेतली पाखरं उडाली. ती शिंकही आवाजात भरली गेली. धनराज म्हणाला, पुन्हा भरू. तर काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "राहू दे रे. बोलता बोलता शिंक आली म्हंजे बोलणं खरं."

तेव्हापासून पेटी बोलायची आणि शिंकायची. नाना होते तोवर पेटीशेजारी पाण्याचा पेला ठेवायचे, त्यावर पालथी वाटी झाकलेली. पाण्यात चिलटं पडतात म्हणून. बायकोशी दोन गोड शब्द बोलतील तर शपथ, पण तो पेला कधी चुकला नाही.

नाना गेले, आवाज राहिला. काकू त्याला उत्तरं देऊ लागल्या. ठाण्याच्या लेकीने, हर्षालीने, हे सुट्टीत येऊन पाहिलं आणि घाबरून धनराजला फोन केला. "धनराजभाऊ, आई पेटीशी भांडते हो! तो आवाज बदलून टाका. नाहीतर तिचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही."

म्हणून त्या दिवशी धनराजच्या पिशवीत गोळ्यांबरोबर नवी चिपही होती, कंपनीचा आवाज भरलेली. तो पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. बागांवर मारलेल्या गंधकाचा वास हवेत होता. दारात पाऊल टाकलं आणि लोडशेडिंग सुरू झालं. वेलींच्या तारा वाऱ्याने बारीक आवाज करत होत्या.

काकूंनी कंदील लावला. धनराजने चाचरत चाचरत हर्षालीचा निरोप सांगितला.

"मी भांडते?" काकू फणकारल्या. "ते होते तेव्हा मी कधी उलटून बोलले नाय. आता बोलते, तर बिघडलं कुठं? बदल बाबा, तुझी नोकरी हाय. लेकीचा जीव तरी थाऱ्यावर राहील."

त्याने सेलवर चालणारी ती पेटी उघडून बोटाच्या पेराएवढी जुनी चिप काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. नवी बसवून बटण दाबलं. "नमस्कार," एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "कृपया आपले औषध घ्यावे."

"अगं बाई! ही कोण बया माझ्या घरात?"

धनराज हसला, पण त्याचं डोकं पुन्हा गरगरू लागलं होतं. कंदिलाच्या उजेडात त्याने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, एकेक कप्पा भरला, कुलूप लावलं. "येतो काकू," म्हणून तो उंबऱ्याशी आला.

आणि मागे कोणीतरी शिंकलं.

दणदणीत. पुरुषी.

धनराजच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने वळून पाहिलं. काकू कंदील धरून उभ्या होत्या. घरात तिसरं माणूस नव्हतं. त्याने खिसा चाचपला. चिप तिथेच होती, थंडगार. तिला ना तार, ना सेल.

"बस," काकू हळूच म्हणाल्या. "निघताना शिंक झाली की जाऊ नाय. पाणी पी."

"काकू... तुम्ही ऐकलंत?"

"मी रोजच ऐकते रे. तू आज ऐकलंस."

तो बसला. पाणी प्यायला. काकूंनी चहासुद्धा केला, आलं किसून, अगदी निवांत. धनराजचा जीव मात्र स्कूटरकडे लागला होता. चहा कसाबसा ढोसून तो उठला, देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा उंबऱ्यावर पाय ठेवला.

या वेळी शिंक अगदी कानाशी झाली. मानेवर वारा लागला. तपकिरीचा वास आला, ओलसर, झोंबणारा...

"काहीतरी विसरलास बघ," काकू म्हणाल्या. "ते उगीच कोणाला अडवायचे नाय."

काय विसरणार? किल्ली कमरेला होती. पिशवी खांद्याला होती. त्याने पिशवीत हात घातला, एक पाकीट काढून कंदिलापुढे धरलं आणि वरचं नाव दोनदा वाचलं. पाकिटावर काकूंचं नाव होतं. मग पेटीत भरलं ते कोणाचं? गंगापूर रोडच्या एका गृहस्थांचं. त्यांना जबर साखर होती, गोळ्या तशाच कडक. त्यांची पेटी दुरुस्तीला गेली होती, म्हणून पाकीट पिशवीतच राहिलं होतं. काकूंना साखरेचा आजारच नव्हता. त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर साखर एकदम खाली येऊन एकटी बाई झोपेतच गेली असती. आणि गोड आवाजाची ती मुलगी रोज "नमस्कार" म्हणत राहिली असती.

धनराजला रडूच फुटलं. "काकू, मी तुमचा जीव घेतला असता हो!"

"घेतला नाय ना? झालं तर मग. पूस डोळे, नीट भर."

त्याने सगळ्या गोळ्या काढल्या, बरोबर त्या भरल्या, दोनदा तपासल्या. मग त्या बयेची चिप काढून नानांची परत बसवली. हर्षालीताईला काय सांगायचं ते उद्या बघू. कप्प्याची वेळ झालीच होती. "ऐकलं का... गोळी!" पेटी गरजली आणि शिंकली.

"घेते हो, घेते! ओरडता कशाला?" काकूंचा चेहरा कंदिलापेक्षा उजळला होता.

धनराज निघाला, तेव्हा कोणी शिंकलं नाही.

घरी त्याने पल्लवीला यातलं काहीच सांगितलं नाही. उगीच घाबरेल, आणि शिवाय गोळ्यांचा विषय निघेल! सकाळी तिने नेहमीप्रमाणे आतून हाक मारली, "अहो, गोळी!" त्याने नेहमीप्रमाणे चपला सरकवल्या. "उद्यापासून नक्की," म्हणत दाराची कडी काढली.

मागे दणदणीत शिंक झाली.

पल्लवी पोळपाट-लाटणं सोडून बाहेर आली. "केवढ्याने शिंकता! शेजारी जागे होतील."

"मी... मी नाही शिंकलो."

"मग कोण? आणि हा वास कसला? तपकीर ओढायला लागलात की काय?"

धनराजने मुकाट्याने चपला काढल्या. टेबलावर त्याच्या गोळ्यांची पट्टी पडली होती. शेजारी पाण्याचा पेला होता, त्यावर पालथी वाटी झाकलेली.

"तू ठेवलास?" त्याने विचारलं.

"छे, माझे हात कणकेचे," पल्लवी म्हणाली. "मला वाटलं, आज तुम्हालाच सुबुद्धी सुचली."