सेफ्टी काढायची वेळ

हेमांगीच्या हळदीला दशरथ पाटलांनी दुपारपासून दोनच कामं केली. बेंजोवाल्यांना चहा पाजला आणि कमरेचं पिस्तूल पुन्हापुन्हा चाचपलं. हाटकेशकडच्या शेतावर इमारती उठल्या, हातात पैसा आला, त्यामागोमाग पिस्तुलाचं लायसनही. आता एकुलत्या एका लेकीच्या हळदीत हवेत बार काढायचा नाही, तर घोडबंदरात ऐट ती कसली?

शेजारचे सुभेदार आत्माराम असते तर त्यांनी कान पिळला असता. पण ते मागल्या श्रावणातच वारले. जाण्याआधी मिठागराच्या बांधावर रिकामं पिस्तूल हातात देऊन त्यांनी दशरथरावांना घामाघूम केलं होतं. "सरळ वर उपसा. बोट चापावर नको, बाहेर ठेवा. तोंड जमिनीकडे. समोर कोण, त्याच्या मागे कोण, ते बघा. मारायचंच ठरलं, तर मग सेफ्टी काढा, खटका खाली पाडा; तोवर चाप अडलेलाच बरा. हवेतली गोळीसुद्धा कुणाच्या तरी डोक्यावर उतरते, पाटील!" पाटील मान डोलवायचे. पण हात कमरेला गेला की त्यांचा अंगठा आधी सेफ्टीच पाडायचा. खोड काही जाईना.

तिन्हीसांजेला बेंजो रंगात आला. बायकांनी दशरथरावांनाही कोपरापर्यंत हळद फासली. तशाच तेलकट हातानं त्यांनी भरलेलं पिस्तूल उपसलं. अंगठ्यानं सेफ्टी कधीच पाडली होती.

आणि लाइट गेली.

बेंजो थांबला. खाडीचा खारट वास मांडवात शिरला. कुणाचा तरी धक्का बसला, हळदीनं पिस्तूल हातात फिरलं, आणि सावरायला आवळलेलं बोट थेट चापावर गेलं...

मनगटावर बर्फासारखी थंडगार पकड बसली. खट्! सेफ्टी वर गेली. बोटानं चाप दाबला होता, पण तो हललाच नाही.

"अजून नाही, पाटील..." कानाशी कुणीतरी पुटपुटलं. बंदुकीच्या तेलाचा वास आला.

जनरेटर धडधडला, उजेड झाला. नळी पाटावर बसलेल्या हेमांगीच्या कपाळावर रोखलेली होती. ती मान खाली घालून हसत होती, तिला काहीच कळलं नव्हतं. कुणाचं लक्ष जायच्या आत दशरथरावांनी कसंबसं पिस्तूल कमरेला खोचलं आणि ते ढसाढसा रडू लागले.

"अवो, रडता काय?" त्यांच्या पत्नी मंदाताई ओरडल्या. "लेक उद्या जायची हाय, आज न्हाय!"

मांडव खदखदून हसला. बेंजोनं पुन्हा ठेका धरला. रडतारडता दशरथरावही हसले, इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता.

"हितली हळद कोनी पुसली?" मंदाताईंनी त्यांचा हात धरला. कोपरापर्यंत पिवळ्या हातावर मनगटाभोवती पाच बोटं कोरीच्या कोरी उमटली होती. मंदाताईंनी तिथं मूठभर हळद चोपडली. ती घसरून पडली. हेमांगीनं हसत आणखी चोळली.

आजूबाजूला सगळीकडे लागली. त्या पाच बोटांवर मात्र लागेना.