पहिलीची राखण

कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईला नवऱ्याच्याच दवाखान्यातला कॉम्प्युटर दाद देईना, म्हणजे नाक कापल्यासारखंच झालं. नवरा दातांचा डॉक्टर. दुपारी पेशंट नव्हते, तेव्हा ती काउंटरमागे ठाण मांडून नवा अँटिव्हायरस टाकू लागली. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. या कॉम्प्युटरवर आधीची राखण चालू आहे. ती काढल्याशिवाय दुसरी बसवता येणार नाही.

आधीची राखण कुणी बसवली, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याची पहिली बायको इथेच बसून दवाखाना सांभाळायची. ती वारून काही वर्षं झाली, तरी जुने पेशंट आत येताच म्हणायचे, "आधीच्या वहिनी किती गोड बोलायच्या हो!" हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मनातल्या मनात ती तिला नुसतं 'पहिली' म्हणे.

जुना अँटिव्हायरस तर तिने सकाळीच काढला होता. पण असल्या प्रोग्रॅमची पिल्लं मागे राहतात, लपून. तिने लपलेल्या फाइली दिसतील असं केलं. एक फिकट फोल्डर उमटला. तिने तो पुसला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फोल्डर हजर. पुन्हा पुसला. पुन्हा हजर.

शेवटी तिने तो उघडला. घातक ठरवून कोंडून ठेवलेल्या फाइली होत्या आत. व्हायरस एकही नव्हता. तिचे स्वतःचेच लग्नानंतरचे, समुद्रावरचे फोटो होते. नवऱ्याच्या वाढदिवसाला तिने रेकॉर्ड करून पाठवलेलं गाणं होतं.

"अहो," तिने हाक मारली, "आपले समुद्रावरचे फोटो पाहिलेत का तुम्ही?"

नवरा हात पुसत दारात आला. "कुठला समुद्र?"

"चेष्टा पुरे. लग्न झाल्या झाल्या गेलो होतो तो."

"आपण कुठे गेलो समुद्रावर?" तो हसत नव्हता.

"आणि मी पाठवलेलं गाणं?"

"तू गातेस?" त्याने नवलाने विचारलं आणि तो आत गेला.

तिच्या डोक्यात सणक गेली. कोंडलेल्या फाइली एकेक करून सोडवता आल्या असत्या, तसं बटण होतं. पण आपल्याच वस्तू पहिलीच्या दारात पदर पसरून मागायच्या? फोटोंच्या प्रती घरी होत्याच. तिने सगळं मुळासकट उपटणारा प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर प्रश्न आला. कोंडलेल्या फाइलीही कायमच्या जातील. चालेल?

"चालेल," ती दातओठ खात म्हणाली.

नवा अँटिव्हायरस मुकाट्याने बसला. हिरवी खूण उमटली.

"गेली एकदाची! अहो, झालं हो!"

आतलं, अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र थांबलं. नवरा बाहेर आला. तिच्याकडे पाहून हसला, मोजकं, अदबीने.

"या ना. पहिल्यांदाच येताय आमच्याकडे?"

ती काउंटरला वळसा घालून त्याच्यासमोर आली. "अहो, मी..."

"घाबरू नका, अजिबात दुखणार नाही." त्याने तिच्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं. "नाव तेवढं हिला सांगा."

तिने वळून पाहिलं नाही.

मागे चाकांची खुर्ची सावकाश टेबलाजवळ ओढली गेली.