दुसऱ्या खुर्चीतून उठू नका

"दुसऱ्या खुर्चीतून कधीही तशीच उठून जाऊ नकोस. आधी आपल्या खुर्चीत परत बस. मग घरात काहीही पेटलेलं असू दे."

हे मला बाईंनी बजावलं होतं. एकदा नाही, तीनदा.

मी हसले होते. शिकलेली बाई मी. म्हटलं, लाकडाला काय कळतंय कोण कुठून उठलं ते!

खाली लिहिलेलं सगळं माझ्याच घरात घडलंय. त्यातलं भयंकर ते गेल्या नऊ दिवसांत. खोटं वाटलं तर वाटू दे, पण शेवटपर्यंत वाचा. हात जोडून सांगते.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या बनवते, कॅप बनवते. सध्या रजेवर आहे, कारण बाळ सात महिन्यांचं आहे. नवरा बांधकामावर उंच क्रेन चालवतो.

बाळ झोपायचं नाही. म्हणून मीही नाही. एके दिवशी माझ्या हातातली काचेची बाटली भिंतीवर फुटली. बाळाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर.

ती सुटली नव्हती हातातून. मी फेकली होती.

ताईला रडत रडत फोन केला. तिनेच बाईंचा पत्ता दिला. बाई समुपदेशक. नव्या आयांचा एक गट चालवतात.

"प्रत्येकीच्या आत एक दुसरी असते," बाई म्हणाल्या. "रागीट, कंटाळलेली, कुणाचं काही करायचं नसलेली. तिला कोंडलंस तर ती दार फोडणार. त्यापेक्षा मैत्री कर. एक लाडाचं नाव दे."

मी तिला धाकटी म्हणायला लागले.

रीत सोपी होती. दोन खुर्च्या समोरासमोर. पहिलीत बसून आपण विचारायचं, "तुला काय हवंय?" मग उठून दुसरीत बसायचं आणि तिच्या वतीने उत्तर द्यायचं. शेवटी पहिलीत परत यायचं, तिचे आभार मानायचे आणि उठायचं.

पहिल्या दिवशी धाकटी म्हणाली, "झोप."

मला हसूच फुटलं. म्हटलं, बये, रांगेत उभी राहा, मीही त्याच रांगेत आहे.

खरं सांगते, फरक पडला. माझा आवाज खाली आला. नवरा म्हणाला, "तुझ्या त्या धाकटीला एकदा जेवायला बोलव, माझंही ऐकत नाहीस एवढं तिचं ऐकतेस."

अकरावा दिवस. मंगळवार. दुपारचे दोन. लख्ख ऊन. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं.

मी पहिल्या खुर्चीतून विचारलं, "तुला काय हवंय?"

उठून दुसऱ्या खुर्चीत बसले. उत्तर मनात ठरवलं नव्हतं.

तोंड आपोआप उघडलं...

"तो आवाज बंद कर. नाहीतर मी करते."

त्याच क्षणी बाळ किंचाळलं.

मी धावले. तशीच. दुसऱ्या खुर्चीतून.

बाळाला उचललं, छातीशी धरलं. ते गप्प झालं.

आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

खुर्ची मागे सरकल्याचा.

गुरुवारी नवरा रात्रपाळी करून दुपारी झोपला होता. मी स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होते. तो इतक्या जोरात ओरडला, की चिमटा माझ्या हातातून पडला.

धावत गेले. चादर लाल झाली होती. त्याच्या दंडाचं मांस लोंबत होतं.

"चावलीस तू मला!" तो भिंतीला टेकून दंड आवळून बसला होता. "डोळ्यांत बघून चावलीस!"

माझे हात साबणाने भरलेले होते.

सात टाके पडले. डॉक्टरांना त्याने "कुत्रा" सांगितलं.  डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

शुक्रवारी अंघोळ करताना माझी पाठ झोंबली. उजव्या खांद्याच्या मागे. आरशात वळून पाहिलं...

दोन कमानी. काळ्यानिळ्या. मधून रक्त आलेलं.

मी रोज दात बघते. दुसऱ्या कुणाला फक्त चावा दिसला असता. मला तो जबडा दिसला. वरचा डावा सुळा वळलेला. खालच्या पुढच्या दातांत एक कमी.

माझा सुळा तसाच आहे. माझाच खालचा एक दात लहानपणी पडला, तो परत आला नाही.

लॅबमध्ये शिकताना आम्ही सगळ्यांनी आपापल्या दातांचे प्लास्टरचे साचे केले होते. माझा कपाटात होता. तो मेणाच्या पट्टीवर दाबला. नवऱ्याला म्हटलं, "ही पट्टी पाठीला लावून बघ."

त्याने पट्टी लावली, काढली, परत लावली.

"सांग ना!"

"दातन्‌दात जुळतोय."

स्वतःच्या पाठीला कुणी चावू शकतं का? तुम्हीच मान वळवून बघा.

मी बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मंगळवारी तू कुठल्या खुर्चीतून उठलीस?"

"दुसऱ्या."

"परत पहिलीत बसलीस?"

"नाही."



"मग मला नीट सांग," बाई हळूच म्हणाल्या, "आत्ता माझ्याशी कोण बोलतंय?"

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

रविवारी सकाळी मी पाळण्याशेजारी बसले होते. अचानक कुणीतरी मागून माझे केस मुठीत धरले. डोकं कपाटावर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कपाळ फुटलं आणि रक्त डोळ्यांत गेलं. मी ओरडत होते, "बाळाला घे! आधी बाळाला घे!"

नवऱ्याने बाळाला उचललं आणि तो दारात उभा राहिला. पांढराफटक.

"खोलीत कुणी नाही," तो म्हणाला. "तुझेच हात आहेत तुझ्या केसांत."

मी हात खाली घेतले. बोटांत केसांचे पुंजके होते.

बाळाच्या अंगावर तोवर एक ओरखडाही नव्हता. तसा ओरखडा उठायच्या आत तिथून निघायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सोमवारी ताई गाडी घेऊन आली. नवऱ्याने रजा टाकली, बाळ त्याच्याकडे ठेवलं. ताईचं घर तीन तासांवर. मला वाटलं, जे काही आहे ते माझ्याबरोबर निघालंय.

ताईकडे काहीच झालं नाही. ना आवाज, ना चावा. मी तीन रात्री शांत झोपले.

तेव्हाच कळायला हवं होतं.

आज गुरुवार. तासाभरापूर्वी मी नवऱ्याला फोन केला. मागे वारा घोंघावत होता.

"तू बाहेर कसा? बाळ कुणाकडे आहे?"

"अगं, असं काय करतेस? सकाळी आलीस ना तू! म्हणालीस, आता बरी आहे, जा कामावर."

"मी ताईकडे आहे."

"पुरे हं थट्टा. बाळ तुझ्याच कडेवर होतं की मी निघताना. चल, वर चढायचंय, फोन बंद करतोय."

फोन बंद झाला. संध्याकाळी सहाशिवाय तो खाली उतरत नाही.

ताई गाडी चालवते आहे. अजून दोन तासांचा रस्ता आहे. मी पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, "बाळाजवळ आई आहे ना? मग अडचण काय आहे?"

इमारतीखाली दुकान असलेल्या शिंपीकाकांना मी वर पाठवलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. हसत होते.

"काय पोरी, घाबरवलंस ना! तूच तर दार उघडलंस. सगळं ठीक आहे म्हणालीस."

"बाळ दिसलं का काका?"

"नाही गं. झोपलंय म्हणालीस."

सात महिन्यांत माझं बाळ या वेळेला कधीच झोपलेलं नाही.

काका आता परत जायला तयार नाहीत. म्हणतात, आईच्या दारात किती वेळा चौकशी करायची?

म्हणून इथे लिहितेय. पत्ता उघड देत नाही. तुम्ही आमच्या शहरात असाल तर खाली लिहा, लगेच कळवते. दोघं-तिघं मिळून जा. बेल वाजवा.

दार मीच उघडेन. मी हसेन, नीट बोलेन, कदाचित पाणीही विचारेन.

माझं काहीही ऐकू नका. आत शिरा.

आधी बाळ बघा.