ठमी मेली

संध्याकाळचे सात वाजले की सांगलीत कुकरच्या शिट्ट्यासुद्धा दबकत वाजायच्या, कारण घरोघरी 'वारूळकरांकडे' लागलेलं असायचं.

मालिका होती कार्टूनची, हसवणारी, घरगुती. पण तिच्यातली बोलणी माणसांनी रचलेली नव्हती, ती खऱ्या मुंग्यांची होती. मुंग्या वासानं बोलतात. 'इकडे साखर आहे' याचा एक वास, 'पळा' याचा दुसरा. आपल्या नाकाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गंधवाचक नावाचं यंत्र मात्र वारुळातली हवा ओढून घेई आणि कुठल्या मुंगीनं काय म्हटलं ते सरळ मराठीत लिहून दाखवी. स्टुडिओत काचेचं वारूळ होतं, त्याला हे यंत्र जोडलेलं होतं. चित्रकारांनी मुंग्यांना नऊवारी नेसवली आणि झालं वारूळकरांचं घर तयार. घरात सगळ्या बहिणीच, कारण वारुळात राबायला बहिणीच असतात.

सगळ्यांत धाकटी ठमी. तिच्या पाठीवर पिवळ्या रंगाचा ठिपका होता, आणि तिचा आवाज होता नववीतली शर्वरी दिघे.

उत्तर येत असूनही हात वर न करणारी शर्वरी आता वाण्याकडे गेली तरी लोक अडवायचे. "ए, ठमीचं ते म्हण ना." मग ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मेली काय म्हणता गं बायांनो, धडधाकट आहे की मी." वाणी खूश होऊन चार गोळ्या जास्त द्यायचा.

मालिकेची सगळी गंमत याच वाक्यात होती. बहिणींचं मधेच बिनसायचं. ठमीकडे बघून एक म्हणायची, "मेली." दुसरी म्हणायची, "मेली." आणि तिला उचलून थेट उकिरड्यावर. ठमी पाय झाडत ओरडायची, अंग चाटूनपुसून घरी यायची, आणि पुन्हा सगळं गोड. लोक पोट धरून हसायचे, कारण हा शब्द प्रत्येकीनं आईच्या तोंडून ऐकलेला. शर्वरीची आई तर लाडात आली की दुसरं काही म्हणतच नसे. "मेली, केस बांध." "मेली, जेवलीस का?" शाळेत मधल्या सुट्टीत मुलं 'ठमी ठमी' खेळायची. एकाला चौघांनी उचलून कचऱ्याच्या डब्यापाशी ठेवायचं, त्यानं बोंबलत परत यायचं.

त्या गुरुवारी शर्वरीच्या कागदावर दोनच शब्द होते. मी मेले.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच पाठवलंय ठमीनं," दिग्दर्शक भार्गवदादा म्हणाला. "पण तू ते 'अगंबाई, मेले मी' अशा थाटात घे. लोटपोट होतील लोक."

बोलण्याआधी ठमीला एकदा बघून यायची शर्वरीची सवय होती. काचेपाशी डॉक्टर केळुसकर उभ्या होत्या. गंधवाचक त्यांचाच. पिवळा ठिपका उकिरड्यावर होता, हलत नव्हता.

"मॅडम, ही रुसलीय का?"

"मुंग्या रुसत नाहीत." केळुसकरबाईंनी चष्मा पुसला. "शर्वरी, त्या 'मेली' म्हणतात ते तुझ्या आईसारखं नाही. मुंगी मेली की दोनेक दिवसांनी तिच्या अंगाला तेलकट वास सुटतो. मी त्याला मृतगंध म्हणते. तो आला की बाकीच्या तिला टाकून येतात. ती हलतेय की ओरडतेय, ते बघत नाहीत. यंत्रानं शब्द अगदी बरोबर दिला होता. आपण तो मराठीत ऐकला."

"पण ठमी तर जिवंत होती. तिला कुठून आला वास?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दर गुरुवारी ब्रशनं लावायचा. मीच लावायचे. लोकांना तेवढंच हवं असतं म्हणे."

"मग धुवा ना तिला."

"धुतलं. वासाचा मागमूस नाही. बहिणींनी उचलून घरात आणलं, तोंडाला घास लावला. ती आपल्या पायांनी परत तिथे जाऊन बसली. आता तो वास ती स्वतःच सोडते. ते वाक्य तिचं स्वतःचं आहे."

शर्वरी माइकसमोर गेली. तिनं थाट केला नाही, सूर लावला नाही. वाण्याला 'अर्धा किलो रवा' सांगावं तसं म्हटलं, "मी मेले." असं ऐकलं की लोक हसायचे थांबतील, ठमीला आता तरी सोडतील, असं तिला वाटलं. भार्गवदादानं कान खाजवला आणि म्हणाला, "हे भारी आहे. ठेवू."

सातला ती आईला चिकटून बसली. ठमी पडद्यावर म्हणाली, "मी मेले." आणि सगळी आळी खदखदली. भिंतीपलीकडचे काका खोकेपर्यंत हसले. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मेली, काय बोललीस गं."

"आई, ती खरंच तसं म्हणतेय. ती..."

"थांब गं, पुढचं ऐकू दे."

शर्वरीनं रडू येतंय का ते पाहिलं. येत नव्हतं. बधिर झालेल्या पायावर दुसऱ्याचा हात पडावा तसं काहीतरी होत होतं, लांबून.

सकाळी हजेरीला अख्खा वर्ग 'हजर' ऐवजी त्याच सपाट आवाजात "मी मेले" म्हणाला. बाईसुद्धा हसल्या. शर्वरीचं नाव आलं तेव्हा ती "हजर" म्हणाली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "खोटं बोलतेय बाई, मेली ती."

मधल्या सुट्टीत चौघींनी तिला उचललं. खरी ठमीच ती, तिच्याशिवाय मजा कसली. डब्यापाशी ठेवून सगळ्या वाट बघत राहिल्या. शर्वरीनं तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं, हजारदा म्हटलेलं होतं. पण कमरेवर हातच जाईना. शेवटी मैत्रिणींनीच कंटाळून तिला वर्गात आणून बाकावर बसवलं, डबा उघडून समोर ठेवला.

ती उठली आणि कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन बसली. तिथे ऊन होतं. केळ्याच्या सालींचा वास येत असावा, तिला येत नव्हता.

आधी सगळ्या हसल्या. मग नफीसा, तिच्या बाकावरची, हळूच येऊन शेजारी टेकली.

"हा नवीन खेळ आहे का गं?"

शर्वरीनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"मग यात परत कधी यायचं असतं?"