कल्याण मंडपामागचा झरा

"आई, कालच्या घागरीत बोटभर गाळ होता. आज चांगला तीन बोटं आहे," रेवा म्हणाली.

"मग आणखी एकदा तुरटी फिरव," कल्पनाने रेवाच्या तान्ह्या भावाच्या, पुष्करच्या झोळीला झोका देत सांगितलं. "आणि हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

रेवाने तुरटीचा खडा घागरीत फिरवला खरा, पण तिचं मन त्यात नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे जायचं ठरलं होतं. तिकिटं काढली होती, नवा फ्रॉक पेटीत घातला होता, आणि मागच्या गुरुवारी चेन्नईवर आभाळ फाटलं. रात्रीतून तळं फुटून वेलन नगरात शिरलं. सकाळी रेवाच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होतं आणि तिचं दप्तर, पुस्तकं, नवा फ्रॉक, सगळं गढूळ पाण्यात तरंगत होतं. तेव्हापासून चाळीस कुटुंबं वस्तीच्या बरीच वर, टेकडीच्या पायथ्याच्या या कल्याण मंडपात राहायला आली होती. एरवी इथे लग्नं लागायची. आता खांबाखांबाला साड्या बांधून संसार मांडले होते. "इतक्या उंचावर पूर कसला येतोय," असं जो तो म्हणत होता.

त्यात तिसऱ्या दिवशी नवल झालं. स्वयंपाकघरामागे टेकडीला लागून जुना दगडी बांध होता. त्याच्या फटीतून पाण्याची धार लागली. स्वच्छ, गार पाणी. वेलन नगरातल्या बायकांचे डोळेच भरून आले. गेली दोन वर्षं या शहराने पाण्यासाठी काय काय सोसलं होतं! रेवा पुण्याहून आली ती ऐन टंचाईत. गल्लीत कुणी "तण्णी लॉरी!" अशी हाक दिली की पाण्याचा टँकर आला म्हणून सगळ्या बायका घागरी घेऊन धावत सुटायच्या. एकदा तर तिच्या आईने कढईत फोडणी तशीच टाकून धाव घेतली होती. अशा लोकांना घरबसल्या झरा मिळाला. मंडपाचे व्यवस्थापक रामस्वामी यांनी बांधाला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि तिथेच उदबत्ती खोचली.

रेवाला मात्र एक गोष्ट खटकत होती. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते. मग झरा कमी व्हायच्या ऐवजी वाढतो कसा? आणि नितळ व्हायच्या ऐवजी गढूळ होतो कसा?

तिने ही शंका भव्याला बोलून दाखवली. तेरा वर्षांची भव्या तिची शेजारीण. तिचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला गेलेले. तिच्या घरची मराठी जुन्या शब्दांची आणि तमिळ हेलाची होती. रेवाला ती ऐकायला फार आवडायची.

"पाणी वरून येतंय, तर वर जाऊन पाहावं लागेल, इल्लया? नाही का?" भव्या म्हणाली.

"मी पण येणार," तिचा दहा वर्षांचा भाऊ म्हणाला.

"तू? नाव उदयसिंह, आणि पाल दिसली की पळतोस."

"ती पाल मोठी होती," उदयसिंह फुरंगटून म्हणाला.

टेकडीवर चढायला वीस मिनिटं लागली. वर पूर्वी दगडाची खाण होती. ती कधीच बंद पडली होती. खाणीतलं पावसाचं पाणी एका ओढ्याने पलीकडे उतरून जायचं, हे भव्याला ठाऊक होतं. पण आज तिथे ओढा नव्हताच! कुणा कंत्राटदाराने वरची जागा सपाट करताना निघालेला सगळा राडारोडा ओढ्याच्या तोंडात ढकलून दिला होता. माती, विटा, फुटक्या फरश्या. आणि त्या ढिगाच्या मागे खाण काठोकाठ भरली होती.

"अय्यो, केवढं पाणी," उदयसिंह पुटपुटला.

रेवाने ढिगाजवळ बोट दाखवलं. तिथे पाणी गरगर फिरत आत ओढलं जात होतं. न्हाणीघराच्या मोरीत फिरतं तसं.

"भव्या, तू खाली जा. चहाची गाळणी घे आणि झऱ्याखाली धर. तू पोचेपर्यंत आम्ही थांबतो."

उदयसिंहाच्या खिशात दुधाची रिकामी निळी पिशवी होती. त्याच्या खिशात काय नसायचं तेच विचारावं. दोघांनी बसून तिचे बारीक बारीक तुकडे केले, अंदाजाने वेळ जाऊ दिला आणि मूठभर तुकडे भोवऱ्यात टाकले. बघता बघता ते गिळले गेले. मग दोघं धापा टाकत खाली आले.

भव्या झऱ्यापाशी उभी होती. तिने गाळणी पुढे केली. गाळणीत निळे चार तुकडे होते.

म्हणजे झराबिरा काही नव्हता. वरची सगळी खाण टेकडीच्या पोटातून वाट काढत होती, जाताना माती कुरतडत होती, आणि तिच्या तोंडाशी हा मंडप होता.

तिघं रामस्वामींकडे धावले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि हसले. "हा बांध माझ्या वडिलांच्या काळापासून उभा आहे. चार वाजता इंजिनीयरसाहेब येणार आहेत, त्यांना दाखवा तुमचे तुकडे. जा, खेळा."

"पण आत्ता अकराच वाजलेत," रेवा म्हणाली. "तुम्ही फोन तरी करा."

"फोन कालपासून बंद आहे. आणि हे बघ, लोकांना उगाच घाबरवायचं नाही. आधीच बिचारी पुरातून आलीत."

रेवाने आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "रामस्वामी बघतील गं." मोठ्या माणसांपुढे डोकं आपटून उपयोग नव्हता. रेवाचे आणि भव्याचे वडील तर बाकीच्या पुरुषांबरोबर खाली घरांतला चिखल उपसायला गेलेले. तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. बांधातला एक दगड सुटून पडला होता आणि पाण्याची धार मांडीएवढी झाली होती. घागर घेऊन उभी असलेली बाई खुशीत म्हणाली, "आज लवकर भरेल."

आता मात्र रेवाचा धीर सुटला. तिने भव्याचा हात धरला. "खोटं बोलूया. मोठ्याने."

दोघी मंडपाच्या दारात जाऊन जिवाच्या आकांताने ओरडल्या, "तण्णी लॉरी! देवळाच्या पायऱ्यांपाशी तण्णी लॉरी आली!"

गढूळ पाण्याला कंटाळलेल्या बायकांना एवढंच हवं होतं. क्षणात मंडप रिकामा झाला. लाल, हिरव्या, पिवळ्या घागरी काखेला मारून सगळ्या बाजूच्या उंचवट्यावरच्या देवळाकडे धावल्या. पोरंही मागोमाग पळाली. रेवाला वाटलं, जमलं! आणि त्याच वेळी तिला गर्दीत आई दिसली. आईच्या एका हातात घागर होती. दुसरा हात रिकामा होता.

पुष्कर! पुष्कर झोळीतच होता!

रेवा उलटी फिरली. मंडपात म्हातारी माणसं तेवढी उरली होती, दहाअकरा जण, आणि दोन तान्ही बाळं. धावू न शकणारे सगळे मागेच राहिले होते, आणि हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. भव्याची आजी राजसबाई गुडघे सुजल्यामुळे भिंतीला टेकून बसली होती. पण जवळच्या झोळीतून काढून घेतलेला पुष्कर तिच्या मांडीवर होता, आणि शेजारी आणखी एक बाळ.

"लॉरी खोटी आहे, आजी. बांध फुटणार आहे."

राजसबाईने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. एकही प्रश्न विचारला नाही. "मग ही लेकरं आधी ने. मज सगळ्यांच्या शेवटी न्या."

एवढ्यात रामस्वामी तणतणत आत आले. "लॉरीची हाक कुणी दिली?" त्यांचं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. स्वयंपाकघराच्या भिंतीखालून लाल पाणी आत येत होतं. मग त्यांनी लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या आणि मंडपाच्या दोन्ही आचाऱ्यांना हाक मारली. एकेका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून, दोघादोघांनी उचलून देवळाकडे न्यायला सुरुवात झाली. रेवाने पुष्करला आणि भव्याने दुसऱ्या बाळाला उराशी धरून पायऱ्या गाठल्या. बाळं बायकांच्या हाती देऊन दोघी परत धावल्या. उदयसिंह एका आजोबांचा हात धरून त्यांना चालवत होता आणि सारखं म्हणत होता, "तात्ता, मी आहे. घाबरू नका."

शेवटची खुर्ची राजसबाईची. पुढे रामस्वामी आणि एक आचारी, मागे दोघी मुली. पाणी पोटरीला लागलं होतं. ते पायऱ्यांशी पोचतात न पोचतात तोच टेकडी गरजली. बांध मंडपावर कोसळला, आणि मागून माती, विटा, फरश्या घेऊन खाणच्या खाण खाली आली. मंडपाची दारं आतून बाहेर फुटली. साड्यांचे संसार दुसऱ्यांदा वाहून गेले.

पायऱ्यांवर कुणीतरी माणसं मोजायला लागलं. दोनदा मोजली. सगळी होती.

चार वाजता इंजिनीयर सत्यनारायण आले. सगळी हकिकत ऐकून त्यांनी उदयसिंहाने खिशात जपलेले निळे तुकडे मागून घेतले आणि नीट निरखले. "बांधातून नितळ पाणी पाझरलं तर समजू शकतो. गढूळ आलं की आतली माती चाललीय असं धरायचं. आम्हाला हे कॉलेजात शिकवलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घागरीच्या तळाला दिसलं," रेवा म्हणाली.

"ढीग कुणी टाकला, ते मी शोधून काढतो. त्याला सोडणार नाही." त्यांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास. आज तुमच्यामुळे माणसं वाचली."

"आणि मी त्या बांधाला हार घातला," रामस्वामी खाली मान घालून म्हणाले. "मला माफ करा, मुलांनो."

बायका रेवाच्या गालावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडत होत्या. रेवाला ते सहन होईना. ती उठून आईपाशी गेली.

"आई, मी खोटं ओरडले. आणि पुष्कर आत राहील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

कल्पनाने तिला जवळ ओढलं. "तू क्षणभर विसरलीस गं. मी तर त्याची आई. लॉरी म्हटलं आणि घागर उचलली. झोळीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही." दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

"पुरे, पुरे," राजसबाई खुर्चीतून म्हणाली. "मी होत्यें ना त्याजवळ? जा गं, लेकरू भुकेलं आहे. त्यास आधी घे."

पुष्कर खरंच रडत होता. कल्पनाने डोळे पुसले आणि त्याला पदराखाली घेतलं. रेवा आईला टेकून बसली. पुष्करचा एक पाय पदराबाहेर आला होता. तो तिने मुठीत धरला आणि अंधार पडेपर्यंत सोडला नाही.