आठ लाख जीव आणि एक किल्ली

गाडी बिघडलेली नव्हती, तरी चालत नव्हती. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की पूल कुठं संपतो ते कळत नव्हतं. खाली नदी होती, पण तिचा नुसता आवाज येत होता. वर सगळं पांढरं. आणि मधोमध, जणू ढगातच, आमचा विजेवर चालणारा टेम्पो उभा. टेम्पोत चाळीस पेट्या मधमाश्या.

माझी अनसूयामावशी मधमाश्या पाळते. आमच्याकडचा फुलोरा संपला की पेट्या घेऊन आम्ही नदीपलीकडच्या राज्यात जातो. तिथं तेव्हा सूर्यफूल फुलतं. टेम्पो स्वतःच चालतो, मी पुढं बसून लक्ष ठेवते. मावशी मागं पेट्यांशी गप्पा मारते. उजाडायच्या आधी माश्या सगळ्या घरात असतात, तेव्हाच पेट्यांना जाळी लावायची आणि ऊन चढायच्या आत पोचायचं. बंद पेटीत माश्या तापतात. फार तापल्या तर मेण वितळतं, मध सांडतो आणि माश्या त्यातच बुडतात. म्हणून टेम्पोत पंखे लावलेत. पंखे चालतात टेम्पोच्याच बॅटरीवर.

पुलाच्या मध्यावर टेम्पो थांबला. पंखे गप्प झाले. ब्रेक आपोआप आवळले गेले. पडद्यावर आलं, ‘बॅटरी ८४ अंश. सुरक्षेसाठी सर्व बंद.’

मी उतरून बॅटरीच्या पत्र्याला हात लावला. गार होता, धुक्यानं ओला.

“खोटं बोलतेय गाडी,” मी म्हणाले.

“गाडी कशाला खोटं बोलेल?” मावशी म्हणाली. “तिला कुणीतरी खोटं सांगितलं असेल.”

मावशी शाळेत फक्त चौथीपर्यंत गेली, पण असं काहीतरी बोलते की डोकं चालायला लागतं. बॅटरीला जागोजागी सेन्सर असतात (सेन्सर म्हणजे गरम-गार ओळखणारं गाडीचं बोट). बोटानं चुकीचं सांगितलं तर मेंदू काय करणार? जाड नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, त्यात जीव घेणारी वीज असते, हे मला माहीत होतं. मी बाहेरच्या बाजूचं छोटं झाकण उघडलं आणि नुसतं बघत बसले. एका बारक्या वायरीची पिन अर्धी बाहेर आली होती. आत पाण्याचा थेंब. मावशीच्या पदरानं पुसली, परत दाबली. टक.

पडदा बदलला. ‘बॅटरी २२ अंश.’ झालं की काम. पण खाली दुसरी ओळ आली. ‘बिघाडाची नोंद आहे. कंपनीच्या सेवा केंद्राशी संपर्क साधा.’ पंखे बंद ते बंदच.

मी चाकाला लाथ घातली.

“घाल अजून एक,” मावशी म्हणाली. “चाकाला काही होत नाही. तुझ्या पायाचं तू बघ.”

आमच्या राज्याचा कायदा असा की गाड्या बनवणाऱ्या कंपनीला सगळ्या राज्यात मिळून एकच सेवा केंद्र ठेवता येतं. ते राजधानीत, दोन दिवसांच्या वाटेवर. पेट्या इथंच उघडाव्यात तर माश्या पुलालाच घर समजतील आणि आम्ही निघालो की मागं राहतील. ढकलावं तर चाकं जाम. मावशीनं पाण्याचे दोन कॅन होते ते गोणपाटांवर ओतले आणि गोणपाटं पेट्यांवर पसरली. मग एकेका पेटीला कान लावत फिरली.

“किती वेळ आहे?” मी विचारलं.

“धुकं आहे तोवर.”

तेवढ्यात धुक्यातून पावलं वाजली. टप, टप. एक उंच, निळसर रोबो पुलावरून चालत आला आणि आमच्यापासून तीसेक पावलांवर थांबला. तिथं रस्त्यावर पिवळी रेघ होती. दोन राज्यांची हद्द. त्याच्या छातीवर आकडा होता, ७१२.

“नमस्कार,” तो म्हणाला. “मी पलीकडच्या तीरावरच्या सेवा केंद्रातून आलो आहे. आपल्या वाहनाचा संदेश मिळाला.”

“ये रे सातबारा,” मावशी म्हणाली. “बरा वेळेवर आलास.”

“मला येता येत नाही. रेघेच्या तुमच्या बाजूला माझ्या कंपनीला दुरुस्तीची परवानगी नाही.”

“मग आलास कशाला?” मी ओरडले. “तोंड दाखवायला?”

“वेणू,” मावशी म्हणाली. फक्त नाव घेतलं, तेवढं पुरतं. मग रोबोकडं वळली. “असला कायदा केला तरी का, बाबा?”

सातबारानं मान थोडी तिरकी केली. “फार पूर्वी एका मोठ्या कंपनीनं गावोगावी स्वतःची गॅरेजं उघडली. सुरुवातीला कामं स्वस्तात केली. गावातले मिस्त्री तेवढ्या स्वस्तात करू शकले नाहीत, त्यांची दुकानं बंद पडली. कंपनी एकटी उरल्यावर तिनं दर तिप्पट केले. तेव्हा कायदा झाला. कंपनीचं केंद्र एकच, बाकी काम मिस्त्रींचं.”

“असं होय,” मावशी म्हणाली. “लहान दार.”

“मला समजलं नाही.”

“माश्यांची वसाहत अशक्त असली ना, की शेजारच्या दांडग्या माश्या येऊन तिचा मध लुटतात. मग आम्ही पेटीच्या दारात लाकडाची पट्टी बसवतो. दार एवढंसं होतं. दोन पहारेकरी माश्यासुद्धा राखू शकतात.”

“म्हणजे कायदा योग्य आहे.”

“पट्टी योग्यच असते. पण वसाहत वाढली, ऊन चढलं आणि पट्टी काढायची राहिली, तर वारा आत कुठनं जाणार? माझ्या पहिल्याच वर्षी मी विसरले होते. एक अख्खी पेटी गेली. लुटारूंनी नाही मारली, मी मारली.”

हे तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं.

धुकं आता पातळ होत होतं. पेट्यांमधली गुणगुण वाढून घरघर झाली होती. आत हजारो माश्या एकाच वेळी पंखांनी वारा घालत होत्या.

“पण थांब,” मी म्हणाले. “गावात आमचे हुसेनमिस्त्री आहेत. कायदा त्यांच्यासाठीच आहे ना? मग त्यांना का नाही गाडी सुरू करता येत?”

“त्यांच्याकडे बिघाडाची नोंद पुसायची किल्ली नाही.”

“का नाही?”

“कंपनी बाहेर कुणाला किल्ली देत नाही.”

“म्हणजे कायदा म्हणतो तू करू नको. तुझी कंपनी म्हणते दुसऱ्यानं करू नये. मग करायचं कुणी?”

सातबारानं तिरकी मान सरळ केली. “हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.”

“आज विचारलाय.”

मग त्यानं किल्ली म्हणजे काय ते सांगितलं. ती लोखंडाची नसते. गाडी एक लांबलचक आकडा विचारते. त्यावर एक गुप्त गणित करून उत्तर द्यायचं. दर वेळी आकडा नवा, म्हणून कालचं उत्तर आज चालत नाही आणि चोराच्या हाती काही लागत नाही. मला लगेच पेटीच्या दारातल्या पहारेकरी माश्या आठवल्या. त्या येणाऱ्या प्रत्येकीचा वास घेतात. घरचा वास असेल तरच आत सोडतात. पण इथं तर मालकिणीलाच तिच्या घराचा वास दिला नव्हता.

“तू उत्तर काढू शकतोस?” मी विचारलं.

“हो.”

“दुरुस्ती मी केलीये. पिन बसली, बावीस अंश दिसतायत. तुला हात लावायचा नाहीये. नुसतं उत्तर सांग.”

“कायदा मला बोलायला बंदी करत नाही. कंपनीचा नियम करतो. अपवाद एकच. कुणी गाडीत अडकलं असेल आणि जिवाला धोका असेल, तर किल्ली सांगावी. अडकलेली माणसंच असावीत असं नियमात नाही. लिहिणाऱ्याला सुचलं नसावं.” त्याच्या छातीवर एक कोरा तक्ता उजळला. “अडकलेले किती आहेत?”

“एका पेटीत वीस हजार धर,” मावशी म्हणाली. “अशा चाळीस.”

“आठ लाख. रकान्यात दोनच आकडे मावतात.”

“मग नव्व्याण्णव लिही,” मी म्हणाले.

“ते असत्य होईल.”

“आठ लाखांत नव्व्याण्णव नाहीत का?”

त्याचे डोळे दोनदा लुकलुकले. “आहेत,” तो म्हणाला आणि लिहिलं.

पडद्यावरचा सोळा आकड्यांचा प्रश्न मी पुलावरून ओरडून सांगितला. त्यानं उत्तर ओरडून सांगितलं. मी घाईघाईत दाबलं. ‘चूक. दोन संधी शिल्लक.’ पहिलं किरण टेम्पोच्या टपावर पडलं होतं आणि मागून घरघर इतकी मोठी येत होती की पत्रा थरथरत होता.

“सावकाश गं बये,” मावशी म्हणाली. “एकेक आकडा. मी मोजते.”

पडद्यावर आलेला नवा प्रश्न मी ओरडून सांगितला आणि सातबारा आता उत्तराचा एकेक आकडा सांगू लागला. मी दाबायची, मावशी बोट मिटायची. सोळावा आकडा. क्षणभर काहीच नाही. मग चाकं सैल झाल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि पंखे फिरायला लागले.

टेम्पोनं रेघ ओलांडली. सातबारा बाजूला झाला. आता त्याला हात लावायची परवानगी होती. त्यानं झाकण उघडलं, पिन बघितली, बोटानं हलवून पाहिली आणि झाकण परत लावलं.

“मी हेच केलं असतं,” तो म्हणाला. “फक्त पदर नाही माझ्याकडे. आजची नोंद मी कायदा करणाऱ्यांना पाठवतो आणि माझ्या कंपनीलाही. काय केलं, कुणी केलं, कुठं अडलं, सगळं.”

“उत्तर येईल?”

“माहीत नाही. प्रश्न तर जाईल.”

सूर्यफुलांच्या शेतात आम्ही पोचलो तेव्हा चांगलंच ऊन पडलं होतं. मावशीनं एकेक जाळी काढली. नव्या जागी माश्या लगेच लांब जात नाहीत. आधी घराकडं तोंड करून हवेत तरंगतात, मग लहान गोल, मग मोठा गोल घेतात. घर कसं दिसतं ते पाठ करतात. अडतीस पेट्यांसमोर सोनेरी भोवरे फिरायला लागले. दोन पेट्या गप्प होत्या. मावशी एकीजवळ गुडघ्यावर बसली, कान लावला, डोळे मिटले. दुसरीला लावला. बराच वेळ तशीच होती.

“इथं आहेत थोड्या,” ती म्हणाली. “राणी असली तर वाढतील.” पहिल्या पेटीवर तिनं नुसता हात ठेवला.

पुढच्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या गावी सरकारी माणसं त्या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत. कंपनीचाही माणूस येणार आहे. हुसेनमिस्त्री म्हणाले, मी येतो पण बोलायचं तू. शाळेत उभं केलं की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. यावेळी मला दोनच गोष्टी सांगायच्यात. पट्टी बसवली ते बरोबरच होतं, पण अधूनमधून पेटीला कान लावत जा. आणि ज्याची गाडी, त्याला तिची किल्ली द्या. मग तो मिस्त्रीकडं जाईल, नाहीतर कंपनीकडं, नाहीतर स्वतः करेल.

मावशी म्हणते, तिथं कशालाही लाथ घालू नकोस म्हणजे झालं.